पाचट, शेण आणि मूत्र : तीन खतढिगांच्या नोंदी (वाळवा तालुका, जि. सांगली)

काम कृष्णाकाठच्या एका गावातलं. एकमेकांना लागून असलेले चार गोठे, त्यात लहानमोठी धरून तीस जनावरं, बहुतेक म्हशी आणि संकरित गाई. भोवती सगळा ऊस. तीन ढीग लावायचे, प्रत्येकात २ टन पाचट (उसाची वाळकी पानं) आणि २ टन ताजं शेण. फरक दोनच गोष्टींचा : पाचट कशा रूपात जातं आणि नत्र कुठून येतं.

ढीग १ : आख्खं पाचट आणि शेण. वरून काही नाही. गावात चालतं तेच, फक्त थर नीट घातलेले.
ढीग २ : कुट्टी केलेलं पाचट, शेण, युरिया, सिंगल सुपर फॉस्फेट, पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक.
ढीग ३ : गोठ्यात अंथरून मूत्र मुरवलेलं कुट्टी पाचट, शेण, सुपर फॉस्फेट, जिवाणू. युरिया नाही.

१० डिसेंबर. जागा

गोठ्यांच्या मागची उंचवट्याची पट्टी घेतली. जुना उकिरडा खड्ड्यात होता, तो सोडला. खड्ड्यात पावसाचं पाणी साठतं, तळाला हवा जात नाही आणि माल वर काढताना दुप्पट माणसं लागतात. दुष्काळी भागात, आटपाडी-जतकडे, ओल टिकते म्हणून खड्डा चालून जातो. नदीकाठच्या काळ्या रानात नाही.

पट्टीवर मुरूम अंथरून रोलर फिरवला. उतार एका बाजूला, दहा फुटाला दीड-दोन इंच. उताराच्या टोकाला नाली आणि नालीच्या शेवटी जमिनीत पुरलेला २०० लिटरचा प्लॅस्टिक बॅरल. ढिगातून झिरपणारं तांबडं पाणी त्यात येईल. बॅरल पुरेसा नाही असं वाटलं तर दुसरा जोडायचा, पण पाणी ओढ्याला सोडायचं नाही. त्याचं काय करायचं ते पुढे २ मार्चच्या नोंदीत आहे. विहीर या जागेपासून लांब आणि वरच्या अंगाला आहे, हेही पाहून घेतलं.

झाडाखालची जागा नको. सावली मिळते, पण दोन महिन्यांत मुळं ढिगात शिरतात आणि तयार खत झाडच खातं.

१६ डिसेंबर. कुठलं पाचट

ज्या फडात खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक) राखायचा आहे तिथलं पाचट उचलायचं नाही. बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट एक आड एक सरीत दाबायचं आणि तिथेच कुजवायचं. त्यासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस साधी आहे : टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट, १ किलो जिवाणू. पाचट उचलून ढीग करा आणि खत परत त्याच फडात नेऊन टाका, हा उलटा घास कशाला?

ढिगाला घ्यायचं ते खोडवा मोडलेल्या रानातलं, जिथे आता गहू, हरभरा किंवा उन्हाळी भुईमूग येणार आहे. तिथे पाचट आडवं येतं म्हणून पेटवतात. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं, त्यात नत्र ०.४ ते ०.५ टक्के आणि पालाश जवळजवळ १ टक्का. पेटवल्यावर नत्र आणि सेंद्रिय कर्ब जातो; पालाश राखेत उरतो खरा, पण ती राख पहिल्या वाऱ्यात शेजारच्या रानात असते.

वाढं (उसाचे हिरवे शेंडे) जनावरांना जातं, ते मोजलेलं नाही. यंत्राने तोडलेल्या उसाचं पाचट आधीच तुकड्यांत असतं, ते मिळालं तर कुट्टीचा खर्च वाचतो. हाताने तोडलेल्या फडातलं आख्खं असतं.

उचलताना ठिबकच्या नळ्यांचे तुकडे, नायलॉन दोरी, गुटख्याच्या पुड्या वेचल्या. गोठ्याच्या कचऱ्यात इंजेक्शनच्या सुया निघाल्या. त्यासाठी प्रत्येक गोठ्यात झाकणाचा डबा टांगला आहे. ढीग हाताने पालटायचा असतो, सुई तळपायात गेली तर काम थांबतं.

२० डिसेंबर. गणित

सूक्ष्मजीवांना कर्ब आणि नत्र साधारण ३० ला १ या प्रमाणात हवं असतं. पाचटाचं प्रमाण ९० ते १०० ला १, ताज्या शेणाचं २० ते २५ ला १. ‘टनाला टन शेण घातलं की झालं’ ही गावातली समजूत आकड्यांवर घासून पाहू.

१ टन पाचट : कर्ब ४०० किलो, नत्र ४.५ किलो.
१ टन ताजं शेण : यात पाणीच ८०० किलो. कर्ब ८० किलो, नत्र ३.५ किलो.
बेरीज : कर्ब ४८०, नत्र ८. म्हणजे ६० ला १.

टनाला टन शेण घालूनही प्रमाण दुप्पट राहतं. शेण ढिगाला जीव लावतं, ओल धरतं, जिवाणू आणतं. नत्र मात्र फारसं आणत नाही. ८ किलो युरियातून ३.७ किलो नत्र येतं आणि प्रमाण ४१ वर उतरतं. पाचटातला काही कर्ब लिग्निनमध्ये, म्हणजे काडीला कडक ठेवणाऱ्या भागात, अडकलेला असतो, तो लगेच कामाला येत नाही. म्हणून ४० च्या आसपासही ढीग चांगला तापतो, ३० चा हट्ट धरायची गरज नाही.

आता मूत्र. मोठं जनावर दिवसाला १० ते १५ लिटर मूत्र टाकतं. त्यात नत्र पाऊण ते एक टक्का, पालाश साधारण एक टक्का. ताज्या शेणात नत्र ०.३ ते ०.४ टक्के आणि पालाश त्याहूनही कमी. म्हणजे गोठ्यातलं निम्म्याच्या आसपास नत्र आणि बहुतेक पालाश गव्हाणीमागच्या गटारीतून बाहेर जातो आणि आपण पाट्या भरभरून शेण जपतो.

टनभर पाचटात १,००० लिटर मूत्र मुरलं, त्यातलं निम्मं नत्र अमोनिया होऊन उडालं असं कंजूषपणे धरलं, तरी ४ किलो नत्र हाती लागतं. प्रमाण ४० ला १. म्हणजे ८ किलो युरियाचं काम आठवडाभराच्या अंथरुणात मुरलेलं मूत्र करतं.

इथे एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. युरिया स्वस्त आहे. ८ किलोचे पन्नास रुपयेही होत नाहीत. नुसता युरिया वाचवायला मूत्र धरायचं असेल तर ती मेहनत परवडत नाही. परवडतं ते पालाशामुळे. हजार लिटरमध्ये १० किलोच्या आसपास पालाश, तो हवेत उडत नाही, फक्त पाण्याबरोबर वाहतो. म्युरेट ऑफ पोटॅशच्या गोणीचा भाव ज्यांना पाठ आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

ही कल्पना नवी नाही. इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी जी खतपद्धत बसवली, तिच्यात मूत्र मुरलेली माती आणि गोठ्यातलं अंथरूण हाच गाभा होता. आपल्याकडे ‘इंदूर पद्धत’ म्हणून थर तेवढे शिकवले गेले, मूत्र मागे पडलं.

२४ डिसेंबर. गोठ्यात अंथरूण सुरू

कुट्टी यंत्रावर पाचट दोन ते तीन इंचांचं केलं. यंत्र कडब्याचं असलं तरी चालतं, पण पाचटात सिलिका जास्त, पातं लवकर बोथटतं. टन-दीड टनामागे पातं घासावं लागतं. पाचट कोरडं असावं. दवाने ओलसर झालेलं रोलरला गुंडाळतं, म्हणून कुट्टी दुपारी बारानंतर. तोंडाला फडकं आणि अंगभर कपडे हवेत, कुसाने अंग खाजतं.

जनावरामागे रोज ५ किलो, तीस जनावरांना १५० किलो. संध्याकाळच्या धारा झाल्या की मागच्या पायांपासून गटारीपर्यंतच्या पट्टीत पसरायचं, सकाळी धारेआधी ओढून काढायचं. कासेखाली नाही. ओलं अंथरूण कासेला लागलं की दगडी (कासेची सूज) होण्याचा धोका वाढतो आणि एका म्हशीची दगडी या सगळ्या खताहून महाग पडते. ज्यांच्याकडे मुक्त संचार गोठा आहे त्यांनी तर फक्त पाण्याच्या टाकीजवळच्या आणि गव्हाणीलगतच्या ओल्या पट्ट्यातच पसरावं.

सकाळी काढलेला माल मोकळा ठेवला तर दुपारपर्यंत नाकाला झोंबतो. तो वास म्हणजे नत्र चाललं. म्हणून काढलेला माल कोपऱ्यात दाबून रचायचा, वर सुपर फॉस्फेटची मूठ-दोन मूठ भुरभुरायची आणि ताडपत्री टाकायची. सुपर फॉस्फेटमध्ये जिप्सम असतं, ते अमोनिया धरून ठेवतं. दोन आठवड्यांत २ टन जमेल.

गोठा धुण्याचं पाणी वेगळं काढलं. ते मूत्रात मिसळलं की पाचट पाण्यानेच भरतं आणि मूत्र खाली निथळतं. अंथरूण काढल्यानंतर धुवायचं, आधी नाही.

८ जानेवारी. रचणी

तिन्ही ढीग एकाच दिवशी. माप : लांबी ३० फूट, तळाची रुंदी ६ फूट, उंची ५ फूट, माथा थोडा गोल. चार फुटांखाली ऊब टिकत नाही, सहा फुटांवर तळ दबून हवा बंद होते.

तळाला तुरकाठ्या आणि जाड फांद्यांचा अर्धा फूट थर, आडवा. त्यावर पाचट ८ ते ९ इंच, त्यावर शेणकाला. शेण घट्ट गोळे टाकून चालत नाही; गोळा बाहेरून वाळतो आणि आत हिरवाच राहतो. टाकीत शेण आणि पाणी कालवून दह्यासारखं सैल केलं आणि घमेल्याने ओतलं. ढीग २ मध्ये प्रत्येक थराला युरियाचं पाणी, वर सुपर फॉस्फेट, मग जिवाणूंचा काला. युरिया आणि जिवाणू एकाच बादलीत कालवायचे नाहीत, तीव्र युरियात जिवाणू मरतात. २ टनांना युरिया १६ किलो, सुपर २० किलो, जिवाणू २ किलो.

ढीग ३ मध्ये मूत्राचं पाचट आणि शेण, अंथरुणावर भुरभुरलेलं धरून सुपर २० किलो, जिवाणू २ किलो.

पाणी हाच खरा प्रश्न. कोरड्या पाचटात ओल १० ते १२ टक्के. ढिगाला ५५ ते ६० टक्के हवी. हिशेबाने ढीग २ ला १,१०० लिटर लागायला हवं होतं, प्रत्यक्षात १,५०० च्या आसपास गेलं. पाचटावर मेणासारखा थर असतो, पहिलं पाणी घसरून खाली जातं. आदल्या दिवशी एकदा भिजवून ठेवलं आणि रचताना पुन्हा दिलं की मुरतं. ढीग ३ ला पाणी जवळजवळ लागलंच नाही.

ओल बघायची खूण : आतला मूठभर माल घट्ट पिळायचा. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब जमले पण गळले नाहीत, तर बरोबर. धार लागली तर जास्त. मूठ उघडल्यावर माल विस्कटला आणि हात कोरडा राहिला तर कमी.

वरून दोन इंच जुनं शेणखत पसरून तिन्ही ढीग झाकले. माश्या बसत नाहीत आणि वास आत राहतो.

११ जानेवारी

दीड-दोन फूट आतलं तापमान, सकाळी आठ वाजता : ढीग १ – ४१ अंश, ढीग २ – ५८, ढीग ३ – ६३.

थर्मामीटर नसेल तर लोखंडी सळई पाच मिनिटं आत खुपसून ठेवावी. बाहेर काढून मुठीत धरता येते पण फार वेळ नाही, तर ५० ते ६० च्या मध्ये. धरताच येत नाही तर त्यापुढे. कोमट लागली तर ढीग चाललेला नाही.

१४ जानेवारी

ढीग ३ – ७२ अंश. जास्त झालं. ६५ च्या वर कुजवणारे जिवाणूच मरायला लागतात आणि नत्र अमोनिया होऊन उडतं. ढिगाजवळ उभं राहिलं की डोळे चुरचुरतात. माथा उकरला तर फूटभर आत पांढरट, राख पडल्यासारखा कोरडा पट्टा. ती पांढरी वाढ वाईट नाही, पण कोरडेपणा वाईट. उष्णतेने आतली ओल वाफ होऊन गेली आहे.

उपाय : पालट आजच. बॅरलमधलं तांबडं पाणी आणि साधं पाणी मिळून ३०० लिटर. वर ४ पाट्या कोरडं कुट्टी पाचट मिसळलं, कर्ब वाढून अमोनिया धरला जावा म्हणून. संध्याकाळी वास खूपच कमी.

२२ जानेवारी. पहिली पालट, ढीग १ आणि २

पालट म्हणजे ढीग नुसता खाली ओढून पुन्हा वर फेकणं नव्हे. बाहेरचा फूटभर माल नव्या ढिगाच्या मध्यात गेला पाहिजे आणि मधला बाहेर. बाहेरच्या सालीत तापमान चढत नाही, तिथेच तणाचं बी आणि माश्यांच्या अळ्या जिवंत राहतात. सगळा माल एकदा तरी तीन दिवस ५५ अंशांवर बसला पाहिजे.

ढीग २ दाताळ्याने, चार माणसं, सकाळचा वेळ. जेसीबीने तासात होतं, पण बकेट माल दाबते आणि बाहेरचं आत जाईलच असं नाही. जेसीबी लावायचाच तर बकेट उंचावरून झटकत ओतायला सांगायचं आणि टायर ढिगावर चढू द्यायचं नाही.

ढीग २ मध्ये पाचटाचा रंग तपकिरी, बोटाने तुकडा तुटतो. ढीग १ मध्ये मधे गेल्यावरही पाचट पिवळं, ताणून तुटत नाही.

३ फेब्रुवारी. ढीग १ थंड

३४ अंश. पालटूनही चढला नाही. मधोमध कापून पाहिलं. आख्खी पानं एकावर एक आडवी बसली आहेत, अगदी छपराला शाकारल्यासारखी. वरचं पाणी त्यावरून उतरून कडेने बाहेर पडलं आहे. थराच्या वरच्या बाजूला शेण हिरवट ओलं, पानाच्या खालच्या बाजूला कोरडं ठणठणीत. शेण आणि पाचट एकमेकांना लागलेलेच नाहीत. त्यात नत्राचं प्रमाण ६० ला १. दोन्ही कारणं एकत्र.

या अवस्थेत आणखी पाणी मारून फरक पडत नाही, तळ तेवढा चिखल होतो. दोन मार्ग : सगळा माल उचलून कुट्टीतून काढायचा (ओला असल्याने यंत्र तुंबतं, आधी पसरून वाळवावा लागतो), किंवा उभी भोकं पाडून युरियाचं पाणी आत सोडायचं. दुसरा मार्ग घेतला. दर दोन फुटांवर पहारीने भोकं पाडली, १६ किलो युरिया ४०० लिटर पाण्यात कालवून भोकांतून ओतला. तीन दिवसांनी ४९ अंश. म्हणजे नत्राचीही उपासमार होती.

गावातले उकिरडे वर्षभर पडून असतात आणि तरी पाचट ओळखू येतं, त्याचं कारण हेच. ‘वेळ दिला की कुजतं’ हे शेणाला लागू आहे, आख्ख्या पाचटाला नाही.

१५ फेब्रुवारी

ढीग २ – ५१, ढीग ३ – ५३. दुसरी पालट दोन्हींची.

ढीग १ च्या कडेला माश्यांच्या अळ्या. तळाचा ओला पट्टा खरवडून माथ्यात पुरला, वर जुन्या खताचा थर. माशीचा फेरा ऊन वाढल्यावर आठ-दहा दिवसांत पुरा होतो, त्यामुळे पंधरवड्याने बघू म्हणून चालत नाही.

हळदीचा पाला आला आहे, काढणी चालू असलेल्या रानातला. ओला आहे, लवकर कुजतो, कुट्टीची गरज नाही. पण सडक्या कंदाच्या रानातला पाला नको. निरोगी रानातला तेवढा घेऊन ढीग २ च्या मध्यात घातला.

तासगाव भागातल्या एकाने द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या विचारल्या. काडी लाकूड आहे. बारीक भुगा केल्याशिवाय एका हंगामात कुजत नाही. तळाच्या थराला, हवा खेळायला वापराव्यात.

२ मार्च. तांबडं पाणी

बॅरल आठवड्यात अर्धा भरतो. रंग चहाच्या अर्कासारखा. हे पाणी ढिगावरच परत मारायचं. पिकाला थेट द्यायचा मोह होतो, पण कच्च्या ढिगाचं पाणी तीव्र असतं, कोवळ्या मुळांना चटका बसतो.

१२ मार्च. अळ्या : हुमणी की दुसरं काही

ढीग १ मध्ये पांढऱ्या, अर्धगोल अळ्या. बघून लोक घाबरले, आणि ते बरोबरच आहे. या पट्ट्यात हुमणीने (उसाची मुळं खाणाऱ्या अळीने) उसाचे ठोंब उपटून येतात आणि अर्धवट कुजलेलं शेणखत हे तिच्या शिरकावाचं एक कारण. पण उकिरड्यातली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते.

ओळख : अळी सपाट फरशीवर ठेवायची. अंग पसरून पाठीवर उताणी सरकत गेली, पाय हवेत, तर ती फुलभुंग्याची. ती कुजकं खाते, उसाचं मूळ नाही. इंग्रजी सी सारखी वळून कुशीवर पडून राहिली, किंवा पायांनी सरपटायला लागली, तर हुमणी समजायची. अंगठ्याएवढी जाड, फिकट राखी अळी बहुधा गेंड्या भुंग्याची; ती नारळवाल्यांनी मारावी.

ढीग १ मध्ये फुलभुंग्याच्या आणि हुमणीच्या, दोन्ही निघाल्या. ढीग २ आणि ३ मध्ये शोधून एकही नाही; ५५ अंशांत अंडीही टिकत नाहीत. ढीग १ चा माल पसरून अळ्या वेचल्या, कोंबड्यांनी बाकीचं काम केलं.

२८ मार्च. मुरवण

ढीग २ आणि ३ पालटल्यावरही ३८ च्या वर चढत नाहीत. आता पालट बंद. ओल ४० टक्क्यांच्या आसपास ठेवून महिनाभर मुरू द्यायचे. हा महिना लोक खातात. माल काळा दिसतो, वास जातो, ट्रॉली भरायची घाई होते. पण अर्धकच्चं खत रानात गेलं की तिथले जिवाणू कुजवण्यासाठी जमिनीतलं नत्र ओढतात आणि पीक पिवळं पडतं.

घरच्या घरी दोन तपासण्या. पहिली : ओलसर खत प्लॅस्टिक पिशवीत हवा काढून बांधायचं, आठवडाभर सावलीत. उघडल्यावर मातीचा वास आला तर झालं. आंबूस किंवा शेणाचा आला तर नाही. दुसरी : खत आणि माती निम्मी-निम्मी, त्यात मेथी. शेजारी नुसत्या मातीत तेवढंच बी. उगवण सारखी हवी आणि मुळांची टोकं पांढरी हवीत, तपकिरी नाही.

ढीग २ : पिशवीला हलका आंबूस वास. ढीग ३ : मातीचा.

१४ एप्रिल. तपासणीचे आकडे

अर्ध्या इंचाच्या चाळणीने चाळून, ३५ टक्के ओलीवर वजन : ढीग २ – १.६ टन, ढीग ३ – १.७ टन. ढीग १ अजून चाळण्याजोगा नाही.

कर्ब-नत्र : ढीग २ – २१, ढीग ३ – १९. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला २० च्या आत हवं असतं. ढीग २ आणखी तीन आठवडे.
नत्र दोन्हींत १.१ टक्का.
पालाश : ढीग २ – १.४ टक्के, ढीग ३ – २.२ टक्के.
क्षारता (ईसी) : ढीग २ – २.१, ढीग ३ – ३.६.

दोन्ही ढिगांतल्या पालाशाचा फरक पूर्ण वजनावर धरला तर १५ किलोचा, म्हणजे पोटॅशची अर्धी गोणी. हिवाळ्यात लावलेल्या सुरू उसाला हेक्टरी ११५ किलो पालाशाची शिफारस आहे. ती डोळ्यांसमोर ठेवून हा आकडा वाचावा.

क्षारतेचा आकडाही तितकाच नीट वाचावा. त्याच आदेशात मर्यादा ४ ची आहे, ढीग ३ तिच्या जवळ गेला आहे. पालाश वाढला की क्षार वाढणारच, दोन्ही एकाच मूत्रातून येतात. कृष्णाकाठच्या क्षारपड रानात, जिथे निचऱ्याची नळी नाही आणि उन्हाळ्यात वर पांढरं फुटतं, तिथे ढीग ३ चं खत टाकायचं नाही. तिथे ढीग २. हलक्या, मुरमाड आणि माळाच्या रानात ढीग ३ आधी.

दुसरं एक नकोसं गणित. २ टन पाचट, २ टन शेण आणि टनभराहून जास्त पाणी यातून १.६ ते १.७ टन खत. उसाला हेक्टरी २० ते २५ टन शेणखत सांगितलं जातं. एवढ्याने पाव एकरही पुरा होत नाही. म्हणून रानभर फेकायचं नाही. लागणीच्या सरीत, बेण्याखाली द्यायचं.

१९ एप्रिल. नाडेपबद्दल विचारणा

पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांच्या पद्धतीची टाकी, १० × ६ × ३ फूट, विटांची जाळी. साधारण १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, १०० किलो शेण, पावणेदोन टन चाळलेली माती. पालटायची नाही, तीन-चार महिने. शेण कमी आणि मजूर नाही अशा घराला चांगली. इथे शेण भरपूर आहे आणि पावणेदोन टन माती चाळायला कोणी तयार नाही, म्हणून घेतली नाही. टाकी करणाऱ्याने भोकं आतून लिंपू नयेत. गवंडी सवयीने बुजवतो आणि मग टाकी नुसती कोठी होते.

२ मे. वळीव

काल संध्याकाळी जोराचा वळीव. ढीग १ वर ताडपत्री नव्हती. आज तळाला काळं, सडक्या अंड्याचा वास. हवा बंद झाली. ढीग मोडून पातळ पसरला, दुपारच्या उन्हात सहा तास, मग कोरडं सोयाबीन भुसकट मिसळून उंची साडेतीन फुटांवर ठेवली. वास दुसऱ्या दिवशी गेला.

ताडपत्री ढिगाला चिकटवून घालायची नाही. माथ्यावर बांबू, त्यावर ताडपत्री, दोन्ही टोकं उघडी. पाटण-शिराळ्याच्या पावसात ताडपत्रीनेही भागत नाही, तिथे पत्र्याचं छप्परच हवं.

पहिल्या वळवाबरोबर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर येतात आणि अंडी घालायला ओलसर शेणखत शोधतात. तयार खत उघडं ठेवायचं नाही.

९ मे. उपयोगी बुरशी मिसळणं आणि वाटप

ढीग ३ सावलीत पसरला, आतलं तापमान ३० च्या खाली. टनाला १ किलो मेटारायझियम (हुमणी मारणारी बुरशी) आणि १ किलो ट्रायकोडर्मा (मूळकुज आणणाऱ्या बुरशीला आवरणारी बुरशी), पाणी शिंपडून, ओल्या गोणपाटाखाली दहा दिवस ठेवायचं. उन्हात किंवा गरम ढिगात मिसळलं तर पैसे वाया.

प्रत्येक गोठ्याचा खतातला वाटा शेणाच्या वजनावर नाही, मूत्र मुरवलेल्या अंथरुणाच्या दिवसांवर ठरवला आहे. शेण देणं सोपं असतं. रोज संध्याकाळी पाचट पसरणं आणि सकाळी ओढणं हेच खरं काम, त्याची नोंद गोठ्याच्या दारावरच्या पाटीवर होती.

ढीग २ ला अजून आठ दिवस. ढीग १ पावसाळ्यानंतरच्या लागणीला. पुढच्या गाळप हंगामात आख्ख्या पाचटाचा ढीग लावायचा नाही. कुट्टी यंत्राची दोन पाती जादा घेऊन ठेवायची आणि तिसऱ्या व चौथ्या गोठ्याची गटारी फुटली आहे ती दिवाळीआधी सिमेंटने भरून घ्यायची.